पाच लिटर कोणाचे?

वाटणीत गाईंची किंमत ठरवायला जनावरांच्या डॉक्टरला बोलावतात ते काही त्याच्यावर फार विश्वास असतो म्हणून नाही. पंचांपैकी कोणालाच वाईटपणा घ्यायचा नसतो. संगमनेर तालुक्यात खाजगी प्रॅक्टिस करताना असले किमतीचे दाखले मी बरेच लिहिलेत. कर्जासाठीचा दाखला सगळ्यांना फुगवून हवा असतो. वाटणीचा मात्र गाय ठेवणाऱ्याला कमी हवा असतो आणि पैसे घेणाऱ्याला जास्त. आमच्यातलेच काहीजण गोठ्यात पाय न ठेवता मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवून सही ठोकतात, तेव्हा दाखल्याची पत काय उरणार!

या घरात वडील वारले होते. थोरला शेती बघणारा, धाकटा चाकणला कंपनीत. जमिनीचं जुळलं, घराचं जुळलं, गोठ्यावर गाडी अडली. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा ही जुनी रीत, पण पाच जनावरांचे सारखे दोन वाटे पडत नाहीत आणि चाकणच्या फ्लॅटमध्ये गाय बांधता येत नाही. तेव्हा जनावरं थोरल्याकडे, निम्मे पैसे धाकट्याला, असं ठरलं. जनावरांच्या कानातले नोंदणीचे पिवळे बिल्ले अजून वडिलांच्याच नावावर होते. बिल्ला नसलेलं जनावर जून 2024 पासून बाजारात विकताच येत नाही, त्यामुळे आधी ते नाव बदलून घ्या म्हटलं. दोघांनीही माना डोलावल्या आणि ऐकलं कोणीच नाही.

आमच्याकडे दुभत्या संकरित गाईचा सौदा लिटरवर होतो. दोन्ही वेळचं मिळून जेवढं दूध, त्याला लिटरमागे चार-पाच हजार. दुधाचा दर पडला की हाही आकडा खाली येतो. लोणीला किंवा घोडेगावला व्यापारी रुमालाखाली बोटं धरून जे ठरवतात ते शेवटी हेच असतं. फक्त त्यात दात, वेत, गाभण किती महिने, कासेची ठेवण, चारही सड चालू आहेत का, याची वजाबाकी आधीच झालेली असते. धाकट्याने मोबाईलवरच्या जाहिराती दाखवल्या, वीस लिटरच्या गाईला दीड लाख. त्याला सांगितलं, ही मागणी आहे, विक्री नाही. मागायला काय जातं.

चार जनावरं तासाभरात उरकली. एक सात महिन्यांची गाभण, आटवलेली. दूध दिसत नाही म्हणून तिची किंमत मागच्या वेतावरून काढावी लागते, आणि डेअरीच्या पावत्यांवर सगळ्या गोठ्याचं दूध एकत्र असतं. एकीचा मागचा उजवा सड दगडीने, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाने, गेलेला. एक कालवड, लिंग वर्गीकृत रेतनाची, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची, गाभण राहिली की नाही ते हात घालून बघितलं, राहिली होती. आणि एक आठव्या वेताची म्हातारी. तिला बाजारात गिऱ्हाईक नाही, कायद्याने तिचा शेवट करता येत नाही, आणि खायला मात्र रोज लागतंच. लम्पीत दगावलेल्या दुभत्या गाईला शासनाने 30 हजार लावले होते. या जिवंत म्हातारीसमोर मी शून्य लिहिलं, तेव्हा दोघे भाऊ पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले.

अडलं ते चांदी नावाच्या पाचव्या गाईवर. दुसरं वेत, व्यायला चार महिने झालेले, पुन्हा दोन महिन्यांची गाभण. पोटाखाली दुधाची शीर करंगळीएवढी जाड आणि नागमोडी, चारही सड सारखे, कास मागून उंच बांधलेली. सीएमटीच्या, म्हणजे दगडी तपासायच्या, चार वाट्यांत दूध घेऊन औषध टाकलं, एकाही वाटीत घट्टपणा नाही. अशी कास बघितली की भांडण बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसतं उभं राहावंसं वाटतं. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, माझ्यासमोर धार काढली. साडेआठ आणि साडेनऊ. अठरा लिटर. साडेचार हजारांनी 81 हजार.

थोरला म्हणाला, "डॉक्टर, हे दूध हिच्याच हाताला आहे. दुसरं कोणी बसलं की ती चोरते. बाजारात नेली तर एवढी देणार नाही."

धाकटा हसला. गाय चांगली निघाली की ती घरच्याच माणसाला देते, हे वाटणीत नेहमी ऐकू येतं. पण त्यात तथ्यही असतं. पान्हा कासेत तयार होत नसतो, तो मेंदूतून सुटतो. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, आंबोणाची पाटी, एवढ्याने सुटतो आणि पाच-सात मिनिटांत ओसरतो. गाय बुजली की तो अडतो आणि दूध वरच राहतं.

म्हटलं, बघून टाकू. शेजारच्या गोठ्यावरचा गडी बोलावला. चांगला हात होता त्याचा, मूठ भरून काढणारा. चांदीने आधी कान मागे घेतले, मग पाय सारखे बदलायला लागली. सहा लिटरवर धार बारीक झाली, त्याने कास चोळली, पुन्हा बसला, काही उपयोग नाही. सकाळी सात. दिवसाचे तेरा.

धाकट्याने माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं, पान्हा सोडायच्या इंजेक्शनसाठी. "इंजेक्शन आहे ना तुमच्याकडे? द्या की. खरं किती ते कळेल." बाजारात इंजेक्शन मारून धार दाखवणारे आहेत, त्यानेही ते पाहिलं असणार. मी नाही म्हटलं. ते विताना अडलेल्या गाईसाठी असतं, भाव काढण्यासाठी नव्हे.

"वहिनी गोठ्यातच उभ्या होत्या," तो म्हणाला, "त्यांना बघूनच गायीने आखडलं."

तोवर वहिनी काही बोलल्या नव्हत्या. गव्हाणीत मुरघास टाकता टाकता म्हणाल्या, "म्हणजे पाच लिटर माझे धरायचे ना, डॉक्टर? मग ते वाटणीत कसे?"

धाकटा म्हणाला, "वहिनी, पण पेंड सामाईक पैशाची होती."

तेही खरं होतं. त्यावर त्या गप्प बसल्या.

तेरा लिटरने 58 हजार 500 होतात. मधले 22 हजार 500 कोणाचे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. परक्या गिऱ्हाईकाने जे दिलं असतं ती किंमत, या नियमाने तेरा बरोबर. पण चांदी परक्याकडे जाणारच नव्हती. उद्या सकाळी त्याच दावणीला ती अठरा देणार आणि तेराच्या भावात थोरल्याला मिळणार. धाकटा म्हणत होता ते चूक नव्हतं. उलट बाजूने बघितलं तर वहिनींनी माहेरी जायचं ठरवलं की त्याच दिवशी गाय तेरावर येते. वाढीव दूध गाईत नाही, वहिनींत आहे, आणि वहिनी काही वाटणीला आलेल्या नाहीत. ओळखीचा एक डॉक्टर म्हणाला, साडेपंधरा धरून मोकळं व्हायचं. ती तडजोड झाली. तडजोड पंचांनी करावी, माझ्या सहीच्या कागदावर ती किंमत म्हणून कशी लिहू? दाखल्याच्या नमुन्यात जात, रंग, वय, वेत, बिल्ला क्रमांक, दूध असे रकाने आहेत. धार कोण काढतं याला रकाना नाही.

मी तेरा धरले आणि शेऱ्यात दोन्ही मोजमापं लिहिली. धाकट्याने सही केली, पण चहाला थांबला नाही. वहिनींनी कागद वाचायला मागितला, वाचला, शेऱ्याच्या ओळीवर जरा थांबल्या आणि परत दिला.

एकरकमी पैसे थोरल्याकडे नव्हते. दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून धाकट्याचा हप्ता वळता करायचा असं पंचांनी ठरवलं. डेअरीतलं खातं थोरल्याच्या नावावर आहे.