पुढे आलेली मान: व्यायाम कुठून सुरू करावा

अभ्यासाला बसलेल्या मुलांना 'ताठ बस' सांगून मान सरळ होत नाही. मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे स्नायू कमजोर झालेले असतात आणि कवटीखालचे आखडलेले. काम तिथेच करायला हवं.

सुरुवात उताणं झोपून करा. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल, नजर छताकडे. डोकं न उचलता हनुवटी हलकेच गळ्याकडे ओढा, 'हो' म्हणताना मान हलते तेवढीच. ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, कारण मुलं जोर लावतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ दिसले, म्हणजे वरवरचे स्नायूच राबताहेत. जोर निम्मा करा. श्वास रोखू नका. हे नीट जमल्यावरच बसून करा, तेव्हा हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे न्या.

छाती आखडली असेल तर खांदे पुढेच येणार. दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून एक पाय पुढे टाका. ३० सेकंद, तीनदा.

पुस्तक मांडीवर नको, टेबलावर तिरकं उभं ठेवा. अर्ध्या तासाने उठाच. हाताला मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.