सुपारीची वही : पहिले ४७ दिवस

मंडळी, मागच्या नोंदीत मी दत्तक घ्यायच्या रानटी घोडीसाठी कुंपण बांधण्यापर्यंत आले होते. आता त्या कुंपणात घोडी आहे, नाव सुपारी.

दिवस १
अमेरिकेत रीनो शहराजवळच्या पॅलोमिनो व्हॅली या रानटी घोड्यांच्या सरकारी दत्तक केंद्रातून सुपारीला आणलं. तीन वर्षांची, कुमाईत म्हणजे तांबूस-तपकिरी, मागचा एक पाय पांढरा. जन्म नेवाडातल्या कॅलिको डोंगरांकडच्या रानटी कळपातला. दत्तक घ्यायचं शुल्क १२५ डॉलर, कुंपणाचा खर्च त्याच्या कैकपट. न माणसाळलेल्या मोठ्या घोड्याला सहा फुटी कुंपण आणि निदान ४०० चौरस फूट जागा हवीच, असा रानटी घोडे सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, नियम आहे. काटेरी तार चालत नाही. मानेच्या डाव्या अंगाला आयाळीखाली थंड डागाची खूण आहे. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला ठसा टेकवतात आणि तिथले केस पुढे पांढरे उगवतात. त्यातल्या कोनांवरून जन्मवर्ष वाचता येतं. मला तीनदा वाचावं लागलं.

ट्रेलरचं दार उघडताच तिने एकच उडी घेतली आणि लांबचा कोपरा गाठून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

दिवस २ ते ५
काही केलं नाही. सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसले. आवाजाची सवय व्हावी म्हणून पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यात मी अडखळले की तिचा एक कान माझ्याकडे वळायचा. चारा म्हणून साधं सुकं गवत. गाजर पुढे केलं तर वास घेऊन फुरफुरली आणि मागे सरकली. माळावर वाढलेल्या जिवाला गाजर म्हणजे काय हे ठाऊकच नाही. आपण लाडाने खाऊ घेऊन जातो, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

दिवस ६
बांबू काढला. ओरेगनमधले घोडे माणसाळवणारे जॉन शार्प यांच्यामुळे ही पद्धत इकडे पसरली. बारा फुटी हलका बांबू हातात असला की आपण तिच्या लाथेच्या पल्ल्याबाहेर राहतो आणि स्पर्श मात्र तिच्यापर्यंत पोचतो. पहिला स्पर्श मानेच्या बुडाशी, जिथे पाठ सुरू होते तिथे. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते नेमकं तिथेच, आणि तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे.

दिवस ९
घोळ झाला, आणि तो पूर्णपणे माझा. बांबू टेकला की ती पुढे पळायची आणि मी घाबरून तो उचलायचे. तीन दिवस! मी तिला शिकवलं काय, तर पळालं की काठी जाते. दाब सुटतो त्या क्षणी घोडा जे करत असतो तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. हे मला पाठ होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं.

दिवस १० ते १५
तेच उलटं करत बसले. ती चालू लागली तरी बांबू हलकेच अंगावर ठेवून बरोबरीने चालायचं, आणि पाय थांबले की लगेच काढून दोन पावलं मागे जायचं. पहिल्या दिवशी कुंपणाला अकरा फेऱ्या झाल्या. सहाव्या दिवशी एकही नाही. जिभेने ओठ चाटले म्हणजे घोड्याने आपल्याला मानलं, असं बरेचजण सांगतात. मी त्यावर भिस्त ठेवत नाही. मान खाली आली का, श्वास सुटला का, पापण्या हलतात का, एवढं बघते.

कोल्हापूरहून काकांचा फोन आला. ‘‘अगं, एखादा चांगला चाबूकस्वार बघ, आठवड्यात फेरून देईल घोडी.’’ आपल्या भाषेत घोडा शिकवणाऱ्याच्या नावातच चाबूक आहे. काकांशी वाद घातला नाही, त्यांना फोटो पाठवला.

दिवस १७
बांबूवरून हात सरकवत सरकवत शेवटी हात खांद्यावर टेकला. धूळ, ऊब, आणि कातडीखाली बारीक थरथर. पाच सेकंद. मी आधी मागे झाले, ती नंतर.

दिवस २४
मोरकी चढली. त्याआधी आठवडाभर नुसता दोर मानेवरून टाकायचा आणि काढायचा, एवढंच. मोरकी रात्री अंगावर ठेवत नाही. कुठे अडकली तर केलेलं सगळं पाण्यात.

दिवस २५ ते ३३
आता उजवी बाजू. डावीकडे मांजर, उजवीकडे पुन्हा रानटी घोडी! प्रत्येक बाजूची ओळख वेगळी करून द्यावी लागते, आणि माझ्या सवयीने मी कायम डावीकडेच उभी राहत होते. बांबूपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी नऊ दिवसांत झालं.

दिवस ४०
खरारा चालतो. पोटाखाली नाही. पुढचे दोन्ही पाय दोराच्या फासात उचलून धरू देते. फास सैल, ओढ सोडायची ती पाय ढिला पडल्यावरच. मागच्या पायांना स्पर्श करताना एक दुगाणी आली, ती बांबूने खाल्ली. तेवढ्यासाठीच तो अजून कोपऱ्यात उभा आहे.

दिवस ४७
आज दोर धरून फाटकापर्यंत आली, फाटक उघडं बघून थबकली, मग परत फिरली. मीही तिच्याबरोबर फिरले. खूर वाढलेत, नालबंद पुढच्या गुरुवारी येणार आहे. तो टोपी घालतो, म्हणून उद्यापासून मीही टोपी घालून कुंपणात जाणार. मालकीचा कागद वर्ष भरल्यावर मिळतो, तोवर ती सरकारचीच. मागचे पाय कोणी दोराशिवाय उचलायला शिकवले असतील तर कसे, ते सांगा.