उमरेडचा खड्डा

आज रविवार, नागपूरहून ताईकडे उमरेडला जाऊन आलो. भाऊजी कोळसा खाणीत आहेत, त्यांच्या टीव्हीच्या बाजूला खाणीतला एक करडा चपटा दगड ठेवलेला असतो, त्यावर पानाचा ठसा, जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर आणि दोन्हीकडे बारीक जाळी. ग्लॉसॉप्टेरिस. हे झाड आता जगात कुठंच नाही. भाचा बाजूलाच मोबाइलवर मरियाना गर्तेचा व्हिडिओ बघत बसला होता, म्हणे मामा, समुद्रात एवढा मोठा खड्डा कोणी केला?

कोणीच नाही ना बाप्पा. तिथं पॅसिफिकचा तळ १५ कोटी वर्षांपेक्षा जुना, थंड होऊन होऊन जड झालेला, तो शेजारच्या प्लेटखाली (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा) वाकून आत घुसतो आणि जिथं वाकतो तिथं गर्ता पडते. खोली जवळपास ११ किलोमीटर. १९६० मध्ये पिकार्ड आणि वॉल्श नावाचे दोघं खोल पाण्यात जाणाऱ्या खास यानातून तळापर्यंत गेले होते, उतरायलाच पावणेपाच तास लागले आणि खाली थांबले जेमतेम २० मिनिटं!

मला मात्र आपल्या बाजूची सुमात्रा-अंदमानची गर्ता जास्त भारी वाटते. २००४ ची त्सुनामी तिथलीच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखीही तिच्यामुळेच. आणि गंमत म्हणजे उत्तरेकडं ती नीट दिसतच नाही, गंगा-ब्रह्मपुत्रेनं हिमालयातला गाळ आणून आणून बुजवून टाकली आहे.

जमिनीवरच्या अशा खड्ड्यांचा प्रकार वेगळा. इथं कोणी कोणाच्या खाली जात नाही, जमीन ताणली जाते, समांतर भेगा पडतात आणि मधला पट्टा खाली बसतो, तीच खचदरी. आफ्रिकेतली प्रसिद्ध आहे, पण आपली नर्मदाही अशाच खचलेल्या पट्ट्यातून वाहते. फक्त जमिनीवरचा खड्डा सहसा उघडा राहत नाही, नद्या लगेच भरायला घेतात. वर्धा-प्राणहिता-गोदावरीचा पट्टा असाच खचत गेला, तळ हळूहळू खाली जातोय आणि वरून गाळ पडतोय, मधे दलदल, त्यात ही ग्लॉसॉप्टेरिसची झाडं पडून दबत गेली, वर परत वाळू, परत दलदल. तळ खचला नसता तर एवढे जाड थर साचलेच नसते. उमरेड, कामठी, चंद्रपूरचा कोळसा तो हाच, २५ कोटी वर्षांपेक्षा जुना.

भाच्यानं विचारलं, मग नागपूर पण खड्ड्यातच का? म्हटलं सगळं नाही, सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची आहे, तो दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ह्या पानापुढं अगदीच कालचा. पोरगं लय खूश. "म्हणजे मी गर्तेत राहतो आणि तू नाही!" संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन घरी सांगून आला.