मतदारयादीत कोण?

एका ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन मी सांभाळते. नवी आवृत्ती काढायची झाली की मेलवर मतदान लागतं. मीही +१ (म्हणजे होकार; -१ म्हणजे नकार) पाठवते आणि निकालात माझं नाव ‘नॉन-बाइंडिंग’खाली येतं. म्हणजे मत वाचलं, मोजलं नाही. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या धर्तीवर चालणाऱ्या प्रकल्पांत हे नियमाला धरूनच आहे: आवृत्तीला प्रकल्प चालवणाऱ्या समितीतल्या किमान ३ सदस्यांचे +१ लागतात, आणि ते -१ पेक्षा जास्त असावे लागतात. बाकीच्यांचा तो सल्ला.

त्याच पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. कोडमधला बदल एकटा सदस्यही -१ देऊन अडवू शकतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर तो नकाराधिकार ग्राह्यच धरत नाहीत. नुसतं ‘मला पटत नाही’ म्हणून कुणाचं महिनाभराचं काम लटकवून ठेवता येत नाही. (आवृत्तीवर तर नकाराधिकार चालतच नाही.)

मतदारयादीत कुणाला घ्यायचं, हे डेबियनने (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारा प्रकल्प) २०१० साली मतदानालाच टाकलं. पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार सॉफ्टवेअर) न बांधता इतर कामं करणारेही मताधिकारासकट सदस्य होऊ शकतात, असा कौल लागला. ज्यांच्या हाती मत होतं त्यांनीच यादी मोठी केली, याचं मला कौतुक वाटतं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची काळजी वेगळी. २०१८ मध्ये तिचे जनक गुइडो व्हान रॉसम अंतिम निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले. नंतर ५ जणांची निवडून आलेली समिती आली, आणि तिच्यात एकाच कंपनीचे २ पेक्षा जास्त लोक नकोत असा नियम. योग्यच. पगार घेऊन दिवसभर रिव्ह्यू करणारा आणि रात्री कसाबसा तासभर काढणारा, दोघांचं मत कागदावर सारखं. पण मतदानाला काय येणार, हे बहुतेक वेळा पहिलाच ठरवतो.

आणि निघून गेलेल्यांचं काय? डेबियनचा कोरम (मतदानाला लागणारी किमान संख्या) सदस्यसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट असतो, म्हणजे १००० सदस्य असले तरी ४८ जणांत भागतं. आमच्याकडे नियम बदलायला दोन तृतीयांश सदस्य लागतात, आणि निम्मे कधीच गायब झालेत. ज्यांचा दोन वर्षांत एक मेल नाही त्यांना मानद यादीत हलवावं, परत आले की मागताक्षणी मत परत द्यावं, असं माझं म्हणणं. जुन्या मंडळींना हा हक्कावर घाला वाटतो. तसाही हा नियमातलाच बदल, त्यामुळे त्यालाही दोन तृतीयांश हवेतच.