गाडीचं मूळ गाव

अमुक गाडी नक्की कुठली, यावर वाद घालण्याआधी चासी नंबर बघावा, कारण तो हातात असतो. आरसीवर छापलेला सतरा अक्षर-अंकांचा नंबर. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची: एमए3 मारुती सुझुकी, एमएटी टाटा, एमए1 महिंद्रा, एमएएल ह्युंदाई इंडिया. नेहमीची चूक म्हणजे नुसता 'एम' दिसला की भारत म्हणून मोकळं होणं. एमएल ते एमआर हा पट्टा थायलंडचा आहे. दुसरं अक्षरही वाचायलाच हवं.

शिवाय हा कोड कंपनीला मिळतो, कारखान्याच्या जमिनीला नाही. लँड रोव्हर डिफेंडर बनते स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे, पण नंबर सुरू होतो एसएएलने, म्हणजे ब्रिटनच्या कोडने. कस्टम्सला त्याचं काही नाही. ते बघतात माल बनला कुठे. ब्रिटनशी 2025 साली सही झालेल्या व्यापार करारातली शुल्कसवलत ब्रिटनमध्ये बनलेल्या गाडीला आहे. नित्राच्या डिफेंडरला ती लागू होत नाही, बिल्ला कितीही इंग्रज असला तरी.

मालकी हा लोकांचा आवडता पुरावा. टाटांनी 2008 साली फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली, म्हणून ती 'आपली'. शेअर टाटांकडे आहेत हे खरं, पण गाडीचा आराखडा ठरतो इंग्लंडातल्या गेडन आणि व्हिटलीत, टाटांच्या फोर्टातल्या मुख्यालयात, बॉम्बे हाऊसमध्ये नाही. मालकीच धरायची तर बीएमडब्ल्यूची मिनी जर्मन आणि गीलीने घेतलेली व्होल्वो 2010 पासून चिनी. नोंदणीचा पत्ता धरला तर आणखी पंचाईत: फेरारीची मूळ कंपनी कागदोपत्री नेदरलँड्सची आहे. फेरारीच्या इटलीतल्या गावी, मारानेल्लोत जाऊन हे सांगून बघावं.

माझ्या लेखी दोनच निकष जड. गाडीचा सांगाडा आणि इंजिन कोणाच्या आराखड्याचं, आणि नव्या मॉडेलला शेवटचा होकार कुठे मिळतो. मारुती यावर पटकन सुटते. 1981 ची सरकारी कंपनी, सुझुकीचा वाटा सुरुवातीला 26 टक्के. 2007 पर्यंत सरकार पूर्ण बाहेर पडलं. सांगाडा सुझुकीचा, होकार सुझुकीच्या जपानमधल्या मुख्यालयाचा, हमामात्सूचा. इथे बनलेली फ्रॉन्क्स आता जपानमध्ये विकली जाते, तरी ब्रँड जपानीच.

एमजीत खरी गुंतागुंत. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची, 1924 पासूनची. 2005 साली एमजी रोव्हर बुडाली, नाव आणि यंत्रसामग्री चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलने उचलली, आणि 2007 मध्ये नानजिंगच सैक या दुसऱ्या चिनी कंपनीत गेली. 2019 ची हेक्टर हालोलच्या कारखान्यातली, तो जनरल मोटर्सकडून घेतलेला, आणि गाडीचा पाया चीनमधल्या बाओजुन 530 चा. 2024 पासून मुंबईच्या जेएसडब्ल्यूचा 35 टक्के वाटा. बिल्ला इंग्रज, कारखाना गुजराती, भागीदार मुंबईकर. पण सांगाडा चिनी, म्हणून माझ्या हिशेबात ब्रँड चिनी. उद्या नवी गाडी इथल्या अभियंत्यांनी पहिल्या रेषेपासून काढली, तर हा निकाल बदलावा लागेल. वाटा 35 चा 51 झाला म्हणून नाही.

माझे दोन निकष आपसात भांडतात ते प्रीमियर पद्मिनीपाशी. सांगाडा फियाट 1100 चा, 1089 सीसीचं इंजिनही फियाटच्या गावच्या, तुरीनच्या आराखड्याचं. म्हणजे इटालियन? पण इटलीने ती गाडी बंद केल्यावरही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून ती जवळपास तीन दशकं निघत राहिली. त्या काळात तिच्यात काय बदलायचं, हे तुरीन ठरवत नव्हतं. सांगाडा म्हणतो इटली, होकार म्हणतो कुर्ला, आणि इथे मी होकाराच्या बाजूने. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत होते.