डिस्ने वर्ल्डमध्ये पंगत बसवताना: टेबल, सवलती आणि शाकाहारी पोट

ऑरलँडोहून आल्यापासून जो तो राइड्सबद्दल विचारतो. कुठली चांगली, कुठे रांग मोठी, मुलगा घाबरला का. जेवणाचं कोणी विचारत नाही, आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्डला (म्हणजे चार मोठे थीम पार्क आणि आजूबाजूची डिस्नेची हॉटेलं) सगळ्यात आधी ठरवायला लागतं ते जेवणच. राइडची रांग त्या दिवशी उभं राहून निभावते. चांगल्या रेस्टॉरंटमधलं टेबल दोन महिने आधी संपलेलं असतं. म्हणून हा वृत्तांत फक्त खाण्याचा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना कामाला येईल.

आमचा गोतावळा असा: मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, सासू-सासरे, आणि टँपाहून येऊन आम्हाला सामील झालेली नणंद, नंदोई आणि त्यांची अडीच वर्षांची लेक. सासूबाई अंडंही खात नाहीत. सासऱ्यांना रात्री आठच्या आत जेवण लागतं. मुलाला मिकीबरोबर नाश्ता करायचा होता. एवढ्या अटी सांभाळायच्या तर आयत्या वेळी बघू म्हणून चालत नाही.

मुख्य नियम असा. टेबलवर बसून जेवायच्या जागांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. करोनाच्या आधी ही मुदत १८० दिवसांची होती, त्यामुळे जुन्या जाणकार नातेवाइकांचं 'सहा महिने आधी कर बाई' ऐकून घाबरू नका. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर आणखी सोय आहे: चेक-इनच्या तारखेच्या साठ दिवस आधी तुम्ही सगळ्या मुक्कामाची, म्हणजे जास्तीत जास्त दहा दिवसांची, टेबलं एकाच बैठकीत घेऊ शकता. याचा उपयोग डोकं लावून करायचा. मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांसाठी तुम्ही बाहेर उतरलेल्या लोकांच्या कितीतरी पुढे असता. म्हणून ज्या जागा हाताला लागत नाहीत त्या सहलीच्या शेवटी ठेवा, आणि पहिल्या दिवशी, जेट लॅगच्या गुंगीत, काहीच ठरवू नका.

ऑनलाइन आरक्षण तिथल्या सकाळी सहाला उघडतं. अमेरिकेतले लोक यासाठी गजर लावून उठतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं, झालं! ही एक गोष्ट भारतातून जाणाऱ्याच्या बाजूने आहे, बाकी सगळ्या डॉलरच्या. त्याआधी तीन गोष्टी करून ठेवा: डिस्नेच्या माय डिस्ने एक्स्पिरियन्स ॲपवर खातं, त्यात बरोबरच्या सगळ्यांची नावं, आणि एक क्रेडिट कार्ड ज्यावर परदेशी व्यवहार चालू केलेले आहेत. कार्ड लागतं ते हमी म्हणून. आरक्षण करून आला नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात. अगदी उंची जागी हा आकडा बराच मोठा असतो. रद्द मात्र वेळेच्या दोन तास आधीपर्यंत करता येतं. हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यूसारख्या जेवणासहित कार्यक्रमाचे पैसे आधीच भरायचे असतात आणि त्याच्या अटी कडक असतात, त्या नीट वाचा.

या दोन तासांच्या नियमात आणखी एक गोम आहे. लोक भीतीपोटी चार-चार टेबलं अडवून ठेवतात आणि आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी सोडून देतात. साठाव्या दिवशी आम्हाला मिळालेली नव्हती अशी एक वेळ आदल्या संध्याकाळी ॲप उघडल्यावर सहज दिसली. तेव्हा नाही मिळालं म्हणून हळहळत बसू नका, बघत राहा. आठ जणांचं टेबल मिळत नसेल तर चार-चारची दोन शोधा. लगतच बसवण्याची विनंती दारात केली तर बरेचदा ऐकतात. अंगावरचं मूलही मोजणीत धरायला विसरू नका, त्यांना खुर्च्या मोजायच्या असतात.

आता कुठे जेवलो. पार्कातल्या रेस्टॉरंटसाठी त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतं, पण डिस्नेच्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला लागत नाही. माझं स्पष्ट मत: टेबलचं जेवण हॉटेलांत करा आणि पार्कात उभ्या उभ्या भागवा. पार्कातला तास फार महाग असतो, तो मेनूकार्ड वाचण्यात घालवू नये.

मिकीचा नाश्ता कंटेम्पररी हॉटेलातल्या शेफ मिकीजमध्ये घेतला. मोनोरेल या इमारतीच्या पोटातून जाते, तेवढ्यावर मुलगा खूश. मिकीसारखी डिस्नेची पात्रं स्वतः टेबलापाशी येतात, म्हणजे पार्कात मिकीला भेटायची रांग वाचते. बुफे आहे. इथे वयाचं गणित नीट समजून घ्या: तीन वर्षांखालच्या मुलाचे पैसे पडत नाहीत, तीन ते नऊ लहानांचा दर, आणि दहावं लागलं की मूल मोठ्यांत मोजतात, मग ते दोनच घास खाईना का. सकाळी उशिराची वेळ घेतली की तेच दुपारचं जेवण होतं आणि मॅजिक किंगडम या पार्कला तिथून पायी जाता येतं.

पण ज्यासाठी एवढा खटाटोप सार्थकी लागला ती जागा म्हणजे सना हे रेस्टॉरंट. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज या भागात, लॉबीपासून खाली उतरून जायचं. मोठ्या काचांबाहेर मोकळं रान आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे चरत असतात. म्हणून दुपारचीच वेळ घ्या, अंधार पडल्यावर काचेत आपलेच चेहरे दिसतात. इथला 'ब्रेड सर्व्हिस' नावाचा प्रकार मागवलाच पाहिजे: नान, कुलचा, पराठा असे प्रकार आणि त्याबरोबर छोट्या वाट्यांतून नऊ तोंडीलावणी. कोथिंबिरीची चटणी, चिंचेची, आंब्याची, काकडीचं रायतं, लसणीचं लोणचं, आणि कहर म्हणजे हमस, ते अरबी चण्याचं वाटण, तेही. सासूबाईंनी एकेक वाटी बोटाच्या टोकाने चाखली, कोथिंबिरीच्या वाटीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मिरची घातलीये, पण धीर नाही झाला त्यांना." तेवढ्यात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काचेकडे बोट केलं. जिराफ अगदी जवळ येऊन पाला ओढत होता, निळसर जीभ बाहेर. एरवी ताटावरून नजर न हलवणारे बाबा नान हातात तसाच धरून उभे राहिले.

लॉज एका बाजूला आहे. तिथे मोनोरेल जात नाही, आणि डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बसही नसते. मध्ये एखाद्या पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात बदलावी लागते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर सरळ टॅक्सी करा. किंवा ॲनिमल किंगडम पार्क त्याच दिवशी ठेवा, तिथून बस पटकन पोचते.

शाकाहाराबद्दल थोडं विस्ताराने, कारण आपल्या लोकांना तेच हवं असतं. मेनूवर हिरव्या पानाची खूण असते. त्या पदार्थात मांस, दूध, अंडी, मध यातलं काहीच नसतं. सासूबाईंसाठी ही खूण म्हणजे वरदान ठरली, कारण 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर तिथे अंडं चालतं असंच धरतात. कांदा-लसूण चालत नसेल तर आरक्षण करतानाच लिहा आणि टेबलवर पुन्हा सांगा; बसून जेवायच्या जागी शेफला विचारून मार्ग काढतात. मार्शमेलोत आणि मार्शमेलो घातलेल्या मिकीच्या आकाराच्या गोड वड्यांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं) असतं, मुलांच्या हातात देण्याआधी बघा. फ्राइज कशाबरोबर तळल्या तेही विचारायला लाजू नका.

आणि हो, बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं. बॅग तपासतात, पण तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, लाडू यांना कोणी हरकत घेतली नाही. काचेच्या बाटल्या-बरण्या आणि दारू चालत नाही, त्यामुळे लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. भारतातून नेताना तिथल्या विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत असं सांगून टाका, आणि ताजी फळं नेऊच नका. खिडकीवर जेवण देणाऱ्या ठिकाणी थंड पाण्याचा ग्लास मागितला की फुकट देतात. पाच डॉलरच्या आसपासची बाटली घेणारे आपले लोक पाहून मला वाईट वाटलं.

आता सवलती. नणंदेकडे पार्कांचा वार्षिक पास आहे, त्यावर निवडक रेस्टॉरंटमध्ये साधारण दहा टक्के सूट मिळते. मद्यावर बहुतेक ठिकाणी नाही. बिल मागण्याआधीच पास आणि फोटो ओळखपत्र दाखवायचं. वार्षिक पास, डिस्ने व्हेकेशन क्लबचं (डिस्नेच्या सुट्टीच्या घरांत वाटा देणारी योजना) सभासदत्व, डिस्नेचं व्हिसा कार्ड, सवलतीचे रस्ते साधारण एवढेच, आणि एका सहलीपुरत्या जाणाऱ्याच्या ते फारसे कामाचे नाहीत. पूर्वी टेबल्स इन वंडरलँड नावाचं कार्ड मिळायचं, त्यावर वीस टक्के सुटायचे. ते आता बंद झालंय. तेव्हा भारतातून जाणाऱ्याने सवलतीच्या मागे धावू नये.

हिशेब करूनच बघा. दोनशे डॉलरचं जेवण. साडेसहा टक्के विक्रीकर म्हणजे तेरा. अठरा टक्के टिप म्हणजे छत्तीस. झाले २४९. नणंदेच्या पासने यातले वीस-एकवीस वाचतात, म्हणजे टिपसुद्धा निघत नाही. सहा किंवा जास्त माणसं असली की अठरा टक्के टिप बिलात आपोआप येते, त्यावर पुन्हा टिप लिहू नका. बिलाखाली आणखी एक रिकामी ओळ असते, तिथे भले भले फसतात. सूट मिळाली तरी टिप मूळ रकमेवर द्यायची असा तिथला रिवाज आहे.

डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना, हा वेगळा विषय. जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. हॉटेलच्या पॅकेजबरोबरच मिळतो आणि खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावाच लागतो. तेव्हा मोठ्या माणसाला रात्रीमागे फक्त काउंटरच्या जेवणाचा प्लॅन ५७ डॉलरचा आणि एक टेबलचं जेवण असलेला ९४ डॉलरचा होता, टिप वेगळीच. या किमतीत मोठ्यांचं मद्य धरलेलं आहे, आणि प्लॅन वसूल होतो तो स्टेक आणि कॉकटेल घेणाऱ्यांचा. भाजीचा वाडगा आणि लिंबूपाणी पिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो घेणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे पैसे भरणं. आम्ही घेतला नाही. मुलं जास्त आणि मोठी माणसं कमी असतील तर मात्र आकडेमोड करा, कारण लहानांसाठी कधी कधी चांगल्या योजना येतात.

बाकीची जेवणं मोबाइल ऑर्डरवर काढा. ॲपमध्ये पदार्थ निवडायचे, वेळ घ्यायची, पोचलो की बटण दाबायचं. साडेबाराला भूक लागणार हे ठाऊक असतं, मग अकरालाच ऑर्डर टाकून ठेवा. बाराला टाकायला गेलात तर दीडची वेळ मिळते. टेबल हवंच असेल आणि आरक्षण नसेल तर ॲपमध्ये आयत्या वेळची प्रतीक्षायादी असते, पण ती त्या रेस्टॉरंटच्या आसपास असतानाच चालते. परतीच्या दिवशी पार्कचं तिकीट नसतं, तेव्हा डिस्ने स्प्रिंग्ज गाठा. प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट, आणि दुपारी लवकर गेलात तर आरक्षणाशिवायही बसायला जागा मिळते.