तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो न काढता न्यूमोनिया कसा कळतो?

हा प्रश्न मला ओपीडीत विचारतात तसाच लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणारी बहुधा आजी असते. "मॅडम, तुम्ही पोराचं झबलं वर केलंत, घड्याळाकडं बघत बसलात आणि औषध लिहिलंत. छातीचा फोटो नको का काढायला?" शहरातून आलेला बाप हेच जरा चढ्या आवाजात विचारतो.

घड्याळाकडं बघत मी श्वास मोजत असते. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चूकही चारपट होते, आणि तान्ही बाळं मुळात एका लयीत श्वास घेतच नाहीत. बाळ रडत असेल तर मोजण्यात अर्थ नाही. ते आईच्या मांडीवर शांत व्हायची वाट बघावी लागते. तापानंही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४०. खोकला आहे आणि आकडा इतका किंवा याच्या वर गेला, तर मी न्यूमोनिया धरून चालते. फुप्फुसाचा भाग सुजून कडक झाला की एका श्वासात पुरेशी हवा आत येत नाही. मग बाळ श्वासांची संख्या वाढवून भागवतं. तेही पुरेनासं झालं की बरगड्यांखाली खळगा पडायला लागतो.

हे आकडे कुणाच्या अंदाजातून आलेले नाहीत. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गोरोका इथं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक शान हे बालरोगतज्ज्ञ याच प्रश्नाशी झगडत होते: जिथं एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, तिथल्या आरोग्यसेवकानं कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला दवाखान्यात धाडायचं? उत्तर निघालं ते श्वासाचा वेग आणि आत ओढली जाणारी छाती. पुढं वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की वर्षाच्या आतल्या बाळांना ५० आणि त्यापुढच्यांना ४० अशी वयानुसार रेघ आखली, तर खरा न्यूमोनिया बराचसा सापडतो आणि साध्या सर्दी-खोकल्याची मुलं उगाच जाळ्यात येत नाहीत.

पण मला सांगायला आवडतं ते गडचिरोलीचं. अभय आणि राणी बंग यांनी तिथं गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, अशी काळजी मिळालेल्या न्यूमोनियाच्या शंभर मुलांमागं एकही पुरतं दगावत नव्हतं (०.८ टक्के), आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १३.५ टक्के दगावत होती. अडचण अशी होती की बऱ्याच दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एका पाटीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. तान्ह्यांसाठी मण्यांची ओळ वेगळी. मशीन नसलेल्या जागी नेमकं काय अडलंय हे पाहून इतका साधा उपाय काढायला फार मोठी बुद्धी लागते, असं माझं मत आहे. कॉन्फरन्सच्या चकचकीत स्टॉलवर असं काही दिसत नाही.

मग फोटो? आजार नुकताच सुरू झालेला असेल तर तो साफ येऊ शकतो, आणि मूल खेळायला लागलं तरी डाग पुढं काही आठवडे दिसत राहतात. जंतू जिवाणू की विषाणू, हे त्यातून खात्रीनं सांगता येत नाही. वर एकच फोटो दोन रेडिओलॉजिस्टना दाखवला तर एकमत होईलच असं नाही. म्हणूनच लसींच्या चाचण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेला फोटो कसा वाचायचा याचे नियम बांधावे लागले. उपचार चालू असून मूल सुधारत नसेल, छातीत पाणी झाल्याचा संशय असेल किंवा शेंगदाणा श्वासनळीत गेल्याची शंका असेल, तेव्हा मी स्वतःहून फोटो काढायला सांगते.

श्वास मोजण्यालाही मर्यादा आहेत, त्या लपवायचं कारण नाही. बाळदम्याचं मूलही भराभर श्वास घेतं. छातीत सूं-सूं वाजत असेल तर आधी नेब्युलायझर देऊन पुन्हा मोजावं लागतं. दुसरं, न्यूमोनिया सापडला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असंही नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात देशांत झालेल्या 'पर्च' अभ्यासात दवाखान्यात दाखल झालेल्या मुलांच्या न्यूमोनियाला निम्म्याहून जास्त वेळा विषाणू कारणीभूत होते, आणि त्यांत सर्वांत वर आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू. कराचीत तर फक्त श्वास जलद असलेल्या, पण छाती आत न ओढली जाणाऱ्या मुलांना काहींना अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आणि काहींना तसंच दिसणारं, औषध नसलेलं पातळ औषध देऊन पाहिलं. २०२० साली आलेला निकाल असा: अमॉक्सिसिलिनवर २.६ टक्के मुलं बिघडली, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. म्हणजे औषधाचा फायदा आहे, पण शंभरातली पंचाण्णव त्याच्याविनाही सुधारली. ती उरलेली कोणती, हे पहिल्या दिवशी ओळखायची खूण अजून कुणाच्या हाती नाही. म्हणून दुर्गम पाड्यावरच्या आशाताईनं औषध द्यावंच, असं मी म्हणते; तिच्याकडं उद्या पुन्हा तपासायची सोय असेलच असं नाही.

बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर मात्र माझा फोटोपेक्षा जास्त भरवसा आहे. पापुआ न्यू गिनीतल्याच पाच रुग्णालयांत ऑक्सिमीटर आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे कॉन्सन्ट्रेटर आणल्यावर न्यूमोनियानं दाखल मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ९०च्या खाली आकडा गेला की मूल माझ्याकडून थेट ऑक्सिजनवर जातं, वादच नाही. फक्त मोठ्या माणसांचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटाला लावू नका, आकडा भलताच येतो.

घरी मोजायचं असेल तर बाळ झोपलेलं असताना पोट उघडं करा, मोबाइलवर एक मिनिट लावा, पोट वर आलं की एक. आकडा जास्त वाटला तर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा जास्तच, पण बाळ पितंय, हसतंय, तर त्याच दिवशी दाखवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ते कण्हत असेल, ओठ निळसर झाले असतील, अंगावर पीत नसेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर मोजत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.